सुताराला नेमकं काय सांगू? (कमी जोर लागणारी दारं, नळ, खण वगैरे)

निशिगंध

मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, तेव्हा त्यावर सल्ला नको, आगाऊ आभार. माझा प्रश्न निर्जीव वस्तूंबद्दल आहे.

घराचं काम काढलंय. दारं, नळ, स्वयंपाकघरातले खण, सगळं नव्याने होणार. सुताराला म्हटलं, "सगळं हलकं चाललं पाहिजे." त्याने विचारलं, "हलकं म्हणजे किती?" आता याला काय उत्तर देणार? तो मिलिमीटरमध्ये बोलणारा माणूस, आणि मी "म्हणजे असं जरा सहज..." म्हणत हवेत हात फिरवतेय.

सकाळी उठल्यावर बराच वेळ माझी बोटं धड मिटत नाहीत. त्या वेळात कोणाकोणाशी भांडणं होतात ते ऐका. न्हाणीघराच्या दाराची गोल गुळगुळीत मूठ ही पहिली. हात ओला असला की ती तळव्यात नुसती घरंगळते, दार आपलं जागच्या जागी. मग बेसिनचा नळ, जो आदल्या रात्री घरातल्या कोणीतरी सूड उगवल्यासारखा आवळून ठेवलेला असतो. टूथपेस्टचं एवढंसं टोपण. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे गोळ्यांची बाटली, दाबून मग फिरवायची ती. ज्या गोळीने बोटं सुटणार ती गोळी बोटं सुटल्याशिवाय हाती लागत नाही. हे ज्याने काढलं त्याला विनोदबुद्धी नक्की असणार.

"एर्गोनॉमिक" लिहिलेल्या काही वस्तू आणून बघितल्या. बहुतेक ठिकाणी तीच जुनी वस्तू आणि तिला चढवलेलं काळं रबर.

तर, कमी जोर म्हणजे किती, याला काही आकडा आहे का? मूठ जाड केली की काम भागतं का? आणि सगळेजण मला सेन्सरचे नळ आणि टचची बटणं घ्यायला सांगताहेत, त्यात कितपत तथ्य आहे? शक्यतो सुताराला आणि प्लंबरला सांगता येईल अशा भाषेत सांगा.

---

गिरमिट

जन्मभर कारखान्यात जिग-फिक्स्चर आणि हातहत्यारं डिझाइन केली, आता रिकामा आहे. तुमचा सुतार मला आवडला. "किती?" विचारणारा कारागीर मिळाला की अर्धं काम झालं.

आकडा आहे. अमेरिकेची अपंगांसाठीची एडीए मानकं आहेत, २०१० ची. त्यात हाताने चालवायच्या गोष्टींना जास्तीत जास्त २२.२ न्यूटन जोर चालतो, म्हणजे साधारण सव्वादोन किलो. पण ही वरची हद्द झाली, आराम नव्हे. तुम्ही निम्म्याचं ध्येय ठेवा. आणि त्याच कलमात पुढे जे आहे ते मला आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं: वस्तू एका हाताने चालली पाहिजे, आणि त्यासाठी घट्ट धरावं, चिमटीत पकडावं किंवा मनगट पिळावं लागता कामा नये. सुताराला हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा. तपासायला सोपी युक्ती म्हणजे मूठ आवळून ठेवा आणि बोटं न उघडता ती वस्तू चालवून बघा. चालली तर पास.

जोर मोजायला प्रवासाचं सामान तोलायचा हुकवाला काटा पुरतो. दाराच्या मुठीला अडकवा, दाराच्या फळीशी काटकोनात हळूहळू ओढा, दार हलेल तो आकडा बघा. झटका दिलात तर आकडा खोटा येईल.

आता तुमची ती गोल मूठ. समजा आतला लॅच (दार अडकवणारी जीभ) फिरवायला अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. मुठीचा व्यास ५ सेंटिमीटर, म्हणजे तुमची बोटं मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर. तिथे कडेला २० न्यूटन लागले. ठीक आहे, हद्दीत बसलं! पण थांबा. गोल मुठीला नुसतं ढकलता येत नाही. तिला आधी आवळायचं, आवळल्यावर घर्षण मिळणार, त्या घर्षणावर ती फिरणार. घर्षणांक ०.५ धरला तर २० न्यूटनसाठी ४० न्यूटनने आवळायला लागेल. हाताला साबण असला आणि तो ०.२ वर उतरला, की १००. दार तेच, लॅच तोच, पण हातावर त्या २० न्यूटनच्या पाचपट भार. तुमची मूठ तळव्यात घरंगळते ती यामुळे.

त्या जागी लिव्हर लावा आणि मध्यापासून १० सेंटिमीटरवर दाबा. ५ न्यूटन. आवळणं शून्य. कोपराने, मनगटाच्या मागच्या बाजूने, हातातल्या पिशवीने, कशानेही चालेल. लिव्हरचं टोक दाराकडे वळलेलं घ्या, म्हणजे बाही अडकत नाही.

नळाचंही असंच, फक्त तिथे रोग पोटात आहे. जुन्या पद्धतीच्या नळात आटे फिरवून रबरी वॉशर सीटवर दाबायचा असतो. वॉशर झिजला की थेंब गळतो, थेंब दिसला की माणूस आणखी आवळतो, आवळल्याने वॉशर आणखी झिजतो. घरातल्या कोणावर रागावू नका. सिरॅमिक डिस्कच्या कार्ट्रिजमध्ये भोकं असलेल्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकं जुळली की पाणी येतं, हुकली की बंद. बंद करायला काही आवळावंच लागत नाही, पाव फेऱ्यात काम. प्लंबरला "क्वार्टर टर्न, सिरॅमिक कार्ट्रिज, लांब दांडी" एवढं सांगितलं की कळेल. एकदांडी मिक्सर घेतलात तर गरम-गार दोन्ही त्याच दांडीवर.

खणांना छोटी गोल बटणं लावू नका. ती चिमटीतच धरावी लागतात. डी आकाराचं हँडल, चारही बोटं आत शिरतील एवढं लांब, आणि फळीपासून चांगलं साडेतीन-चार सेंटिमीटर सुटलेलं. खाली बॉल-बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनेल, खण पुरता बाहेर येणारे. "दाबा आणि उघडा" पद्धतीच्या फिटिंगच्या मोहात पडू नका. उघडताना ते फुकट वाटतं, पण त्यातली स्प्रिंग बंद करताना तुम्हीच दाबून भरलेली असते.

थोडक्यात माझा क्रम असा असतो. आधी वस्तूच्या पोटातला विरोध कमी करायचा: धार, वॉशर, चॅनेल, बिजागरी. मग तरफ लांबवायची. मूठ मऊ करणं सगळ्यात शेवटी. तुम्ही आणलेल्या "एर्गोनॉमिक" वस्तूंनी नेमका शेवटच्या पायरीपासून आरंभ केलाय आणि तिथेच दम तोडलाय.

---

तर्जनी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हातांचंच काम करते. गिरमिट काकांचं वाचून बरं वाटलं, पण त्यांचे न्यूटन हात नावाच्या यंत्रातून येतात आणि ते यंत्र सरळसाधं नाही.

चिमूट आणि मूठ यांत मोठा फरक आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत माणसाचा जोर पूर्ण मुठीच्या जोराच्या मानाने फारच थोडा असतो. शिवाय चिमटीच्या टोकाला जेवढा जोर देता, त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर पडतो. टूथपेस्टचं टोपण वजनाने काहीच नाही, तरी ते दुखवतं ते त्यासाठी. तिथे फिरकीचं टोपण टाळून कडेने उघडणारं झाकण असलेली ट्यूब घ्या आणि तळव्याने दाबा.

निशिगंध, मूठ जाड केली की भागतं का, याचं उत्तर: एका मर्यादेपर्यंत. साधारण ३ ते ४ सेंटिमीटर व्यासाला बहुतेकांची पकड सगळ्यात चांगली बसते. त्याहून जाड केली की बोटांची टोकं अंगठ्याच्या दिशेने पुरेशी वळत नाहीत आणि जोर परत घटतो. तुमची बोटं सकाळी पूर्ण मिटत नाहीत, तेव्हा तुम्हाला किंचित जाड बरं वाटेल. विकत घेण्याआधी साध्या पाइप इन्सुलेशनचा तुकडा दांड्यावर चढवून ठरवा. मात्र जाड मुठीबरोबर वजन वाढलं तर सगळं मुसळ केरात. आणि मूठ गोल नको, अंडाकृती हवी; गोल दांडा हातात फिरतो आणि तो फिरू नये म्हणून तुम्ही नकळत जास्त आवळता.

मनगट सरळ राहतं का तेही बघा. मनगट वाकलं की त्याच बोटांची पकड कमी होते. आत्ता मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून बघा, लगेच कळेल. म्हणून सुताराला हँडलची उंचीही सांगायची. वरच्या कपाटांना हँडल अगदी खालच्या कडेला, खालच्या खणांना वरच्या कडेला.

काकांच्या आकड्यांत एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे वेळ. ५ न्यूटन एकदा देणं वेगळं आणि मिनिटभर धरून ठेवणं वेगळं. स्प्रेची बाटली, बटण दाबून धरलं तरच चालणारा मिक्सर, हे सगळे काट्यावर पास होतील आणि हाताला रडवतील. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात युनिव्हर्सल डिझाइनची, म्हणजे वस्तू सगळ्यांनाच वापरता यावी अशा रचनेची, सात तत्त्वं मांडली गेली, त्यातलं सहावं तुमच्याच विषयाचं आहे. त्यात चार गोष्टी मागितल्यात: शरीर नैसर्गिक स्थितीत राहावं, जोर माफक असावा, तीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागू नये, आणि जोर लावून धरून ठेवावं लागू नये. जोराचा आकडा या चारांतल्या एकातच येतो. या गटातले रॉन मेस स्वतः वास्तुविशारद होते, लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअर वापरायचे. ही माणसं पुस्तकातून बोलत नव्हती.

उचलण्याचं म्हणाल तर दीड लिटर पाण्याचं वजनच दीड किलो, वर भांडं. आणि हँडल बाजूला असलं की ते वजन मनगटापासून लांब लोंबतं. नळापासून शेगडीपर्यंत ओटा सलग आणि सपाट ठेवून घ्या, मधे पट्टी किंवा पायरी नको. भांडं सरकवता आलं की उचलावं लागत नाही. ही मी सगळ्यांना सांगते ती एकमेव सूचना, जिला काहीही जास्तीचं लागत नाही आणि जी हमखास विसरली जाते.

---

अर्धवट

आता कोणीतरी ती सालकाढणीची गोष्ट सांगणारच, म्हणून मीच सांगून टाकतो. सॅम फार्बर नावाचे उद्योजक, त्यांच्या पत्नीच्या हातांना संधिवात, त्यातून १९९० मध्ये त्यांच्या ऑक्सो कंपनीची गुड ग्रिप्स ही स्वयंपाकघरातल्या अवजारांची मालिका, तिला पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्थान. सगळेजण तिच्या मऊ काळ्या मुठीबद्दल बोलतात, आणि नकला करणाऱ्यांनीही नेमकी तीच उचलली. निशिगंध यांनी आणलेलं काळं रबर हे तिथलंच दूरचं नातलग. पातं बोथट असेल तर मूठ लोण्याची केली तरी काय उपयोग?

पण मला थोडं उलट बोलायचंय. जोर लागणं हा प्रत्येक वेळी दोष नसतो. शेगडीची कळ नुसत्या बाहीच्या धक्क्याने फिरली तर? खिडकीची खिट्टी पोराने सहज काढली तर? गोळ्यांची ती बाटली याच कारणाने तशी आहे. अमेरिकेत १९७० मध्ये मुलांना विषबाधा होऊ नये म्हणून कायदा झाला आणि अशी झाकणं आली. गंमत पुढे आहे. ती मोठ्यांना उघडता येतात का, याची चाचणी आधी १८ ते ४५ वयाच्या माणसांवर घेत असत. म्हणजे जे सगळ्यात जास्त गोळ्या घेतात त्यांना वगळून! १९९५ मध्ये नियम बदलला आणि चाचणी ५० ते ७० वयाच्या लोकांवर घ्यायला सांगितली. म्हणजे पोरांना अडवायचं पण म्हाताऱ्यांना नाही, हे जमू शकतं. त्यासाठी जोरावर भिस्त न ठेवता युक्तीवर ठेवावी लागते. तुमच्याकडे लहान मूल येत-जात नसेल तर औषध देणाऱ्याला साधं झाकण मागून बघा.

टचबद्दल: जोर शून्य, मान्य. पण काचेवर बोट टेकवून विसावता येत नाही, टेकलं की चालू. म्हणजे अख्खा हात हवेत धरून एका बोटाने नेम धरायचा. थरथरणाऱ्या किंवा वाकड्या बोटांना हे सुख नव्हे. दिव्यांना मोठ्या पृष्ठभागाची रॉकर बटणं घ्या, मुठीच्या पाठीने दाबता येतील अशी. दाबल्याचा खटका कळतो, अंधारात सापडतात. सेन्सरचा नळ एखाद्या ठिकाणी घ्यायचा तर घ्या, पण वीज किंवा बॅटरी गेली तर हाताने चालेल असाच.

---

निशिगंध

काटा आणला! घरातल्यांना वाटतंय मला वेड लागलं. मी दिसेल त्या गोष्टीला हुक लावत फिरतेय.

न्हाणीघराच्या दाराची मूठ मोजता आली नाही (हुक कुठे लावणार गोल मुठीला, तिथेही ती नापासच), पण मूठ आवळून चालवायची परीक्षा घेतली. घरातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू नापास. पास झालेल्यांत दिव्याची बटणं, एक सरकतं कपाट, आणि कचऱ्याचा पायाने उघडायचा डबा. तो डबा मी केवळ झाकणाचा रंग आवडला म्हणून घेतला होता.

दोन कोडी आहेत. फ्रीज एकदा उघडून बंद केला आणि लगेच परत उघडायला गेले तर काटा पहिल्यापेक्षा बराच वर जातो. थोड्या वेळाने परत खाली. असं का? दुसरं, इमारतीच्या खालच्या दाराला आपोआप मिटणारा क्लोजर आहे. तिथे काट्याने साडेचार किलो दाखवलं. रखवालदार म्हणतात क्लोजरवर स्क्रू असतात, ते सैल करून देतो. करू द्यावं का?

आणि तर्जनी, सलग ओट्याचं सुताराला सांगितलं. तो म्हणाला, "हे आधी का नाही बोललात?" मधे पट्टी येणार होती.

---

गिरमिट

फ्रीजचं सोपं आहे. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत जाते, मिटल्यावर ती आत गार होऊन आक्रसते, आतला दाब जरासा उतरतो. गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) चोख असेल तर बाहेरची हवा दाराला दाबून धरते. दाब थोडाच, पण दाराचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून बेरीज जाणवते. थोडं थांबलात की हवा झिरपून समतोल होतो. काटा वर जातोय म्हणजे तुमचं गॅस्केट ठणठणीत आहे.

बरणीचं झाकण अडतं तेही याच कारणाने, तिथे फक्त प्रकरण जास्त गंभीर. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. आतला दाब बाहेरच्या निम्मा धरला तर बाहेरची हवा त्यावर जवळपास २० किलोने बसलेली असते. तेवढ्याने दाबलेले आटे तुम्ही फिरवायला बघता! फिरवायच्या आधी चपट्या चमच्याचं टोक कडेखाली घालून झाकण किंचित उचला. फुस्स झालं की २० किलो गेले. उरलेल्यासाठी खाली-वर रबरी चटईचा तुकडा, आणि तळवा.

क्लोजरला रखवालदाराला हात लावू देऊ नका. सहज दिसणारे ते छोटे स्क्रू तेलाच्या वाटेचे असतात, ते फक्त वेग ठरवतात: एक दार मिटण्याचा, एक शेवटच्या खटक्याचा. ते सैल केले तर दार धाडकन मिटेल आणि उघडायला तितकंच जड राहील. जोर असतो स्प्रिंगमध्ये. तिचा ताण कमी करायची सोय काही क्लोजरांत असते, काहींत नसतेच. ते काम क्लोजर बसवणाऱ्याचं. त्याआधी क्लोजरचा दांडा दारापासून सोडवून एकदा नुसतं दार मोजायला लावा. निम्मा जोर बिजागऱ्यांत किंवा खाली घासणाऱ्या कडेत निघाला तर मला नवल वाटणार नाही. वेगाचं म्हणाल तर एडीएत ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत यायला दाराने किमान ५ सेकंद घ्यावेत असं आहे. तो वेग मात्र त्या स्क्रूवर जमवून घ्या, म्हणजे जाणाऱ्याच्या टाचेवर दार बसत नाही. आणि ते दार आग अडवण्यासाठीचं असेल तर स्प्रिंग सैल करण्याआधी इमारतीच्या जबाबदार माणसाला विचारणं भाग आहे. ते आपोआप पूर्ण मिटलंच पाहिजे.

---

तर्जनी

गिरमिट काका, चमच्याच्या युक्तीला पुरवणी: चमच्याचा दांडा जाड असू दे, आणि तो बोटांनी न उचलता तळव्याच्या टाचेने खाली दाबा. नाहीतर झाकण सुटेल आणि अंगठा जाईल.

निशिगंध, कात्रीही बदलून घ्या. स्प्रिंगने आपोआप उघडणारी मिळते. नेहमीच्या कात्रीत प्रत्येक कापानंतर ती अंगठ्याच्या पाठीने उघडावी लागते, आणि ते काम कोणाच्या लक्षातही येत नाही.

---

निशिगंध

मुख्य दाराला लिव्हर बसली. कोपराने दार उघडून दाखवलं, सुतारही खूश. पण टोक आत वळलेली जी मिळाली ती भरीव आणि वजनदार आहे. याचा काही त्रास होईल का?

---

गिरमिट

होईल, जर तिला स्वतःची स्प्रिंग नसेल तर. मग तिचं वजन कुलपाच्या आतल्या बारीक स्प्रिंगवर येतं, ती दमते आणि दांडी हळूहळू खाली लोंबायला लागते. लॅच पुरता बाहेर येत नाही, दार ढकललं की आपोआप उघडतं. लिव्हर काढून पाठची गोल पट्टी बघा, तिच्यात स्प्रिंग दिसली तर निर्धास्त राहा. नसेल तर आत्ताच बदलून घ्या, सुतार घरात आहे तोवर.